बोलकी पोट्टी आणि मुकाट म्हैस

माझी पोरगी पावणेतीन वर्षांची आहे आणि गेलं वर्षभर ती एकच वाक्य बोलते आहे. ते अजून संपलेलं नाही. मधे श्वास कधी घेते हे मी समोर बसून पाहिलं, पण सापडलं नाही. सकाळी डोळ्यांच्या आधी तोंड उघडतं, आणि झोप लागताना जिथं थांबली होती तिथूनच पुढं सुरू होते, "अन् मंग ते मांजर कुठी गेलं?"

त्याआधी ती बोलतच नव्हती. दीड वर्षाची झाली, पावणेदोनची झाली, तोंडातून 'बा' नाही की 'आ' नाही. शेजारच्या काकूनं उपाय सांगितला, पोपटानं चोच मारलेला पेरू खाऊ घाल, पोर बोलायला लागतं. काकूनं एक पेरू सांगितला होता. मी पडलो हौशी माणूस. रिठदपासून रिसोडपर्यंत जेवढे पोपट होते तेवढ्यांचं उष्टं गोळा करून टोपलंभर पेरू घरी आणले. बायको म्हणाली, "अवो, एक पुरे ना." मी म्हटलं, राहू दे, कमी पडायला नको.

कमी पडलं नाही.

तिचा लाडका शब्द 'काहून'. शेतात नेली की विचारते, तुरीले शेंगा काहून? शेंगेत दाणे काहून? दाण्यात अळी काहून? पहिल्या दोन प्रश्नांना मी पुरून उरतो. तिसऱ्याचं उत्तर कृषी सहायकालाही आलं नाही; त्या माणसानं बांधावरूनच गाडीला किक मारली. ताप आला म्हणून रिसोडला डॉक्टरकडं नेली, तर डॉक्टर म्हणाले, जीभ दाखव. जीभ दिसली, पण थांबलेली दिसली नाही. एकदा एसटीत तिनं कंडक्टरला विचारलं, "तुही आई कुठी हाये?" कंडक्टर भला माणूस, तिच्याशेजारी टेकला आणि आईचं सांगत बसला. त्या दिवशी घंटी मारायचं राहून गेलं आणि रिठदला उतरणारी माणसं पुढच्या गावाला उतरली. एकानंही तक्रार केली नाही. चालत परत जाताना ती माणसं म्हणाली, पोट्टी भारी हाये लेका.

तिला खांद्यावर घेऊन मी गावातून निघालो की पुढारी निघाल्यासारखं वाटतं. फरक एवढाच की पुढाऱ्याच्या गाडीवर भोंगा असतो, माझ्या मानेवर.

अशा पोरीला मी एकदा गप बस म्हटलं. ती चूक मला म्हशीनं दाखवली.

त्याचं असं झालं. आमच्या गावासाठी पशुसखी निवडायची होती. पशुसखी म्हणजे गावातल्या गुराढोरांची निगा राखायला शिकवून तयार केलेली बाई. कुणाची गाय आजारली, कुणाची शेळी अडली, तर पहिला निरोप तिला. गावातल्या बायकांनी माझ्या बायकोचं नाव दिलं. तिला जनावरांचं वेड आहे. लग्न होऊन आली तेव्हा तिनं आधी गोठा पाहिला आणि मग नवरा. आजवर गावात ती माझी बायको म्हणून, नाहीतर पोरीची आई म्हणून ओळखली जायची. पहिल्यांदा काहीतरी तिचं स्वतःचं होणार होतं. वाशीमला तीन दिवसांचं शिक्षण, मुक्काम तिथंच. एक दिवस जरी चुकला तरी नाव कमी होणार, हे आधीच सांगितलेलं.

अडचण एकच, आमची म्हैस. तिचं रेडकू महिन्याचं असतानाच गेलं. रेडकाचं तोंड लागल्याशिवाय म्हशी सहसा पान्हा सोडत नाहीत, आणि पान्हा सोडला नाही तर कितीही ओढा, थेंब येत नाही. आमची म्हैस फक्त बायकोच्या हाताला दूध द्यायची.

"जमन ना तुमाले?" निघताना बायकोनं विचारलं.

"न जमाले काय झालं? म्हशीच्या सात पिढ्या माह्या हाताखालून गेल्या."

खरं तर लग्नाआधी धार आई काढायची आणि लग्नानंतर बायको. माझ्या हाताखालून गेला तो दुधाचा गिलास.

"कास भरून राह्यली तर दगडावानी होते, मंग म्हैस जाते कामातून," ती म्हणाली. "तसं काई वाटलं तर मले फोन करजा. मी भेटन त्या गाडीनं येतो. अन् दूध उतरवाचं इंजेक्शन देणाऱ्याले दारात उभा करू नका. कराल तर मी तुमाले दारात उभं करणार नाई."

मी मनाशी ठरवलं की फोन करायचा नाही. काही झालं तरी ही बाई तीन दिवस पुरे करून आली पाहिजे. आणि दुसरंही होतं. जिच्या स्वतःच्या दावणीची म्हैस आटली, त्या पशुसखीला गावात कोण गोठ्यात घेणार?

सकाळची धार काढून बायको गेली. संध्याकाळी मी बादली घेऊन म्हशीजवळ गेलो. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मामलेदार बिनशिक्क्याच्या अर्जाकडं पाहतो. मी खाली बसलो तशी ती बाजूला सरकली. मी सरकलो, ती परत सरकली. असं करत आम्ही सगळा गोठा मोजला.

काकू कुडावरून पाहत होती. म्हणाली, "तशी देते का ते? तिले बाईची सवय हाये. आमच्या जमान्यात घरची बाई बाहेर गेली तर माणसं तिचं लुगडं नेसून धार काढत. तुहे काका नेसत व्हते."

"काका?"

"हाव. लय सोभून दिसत व्हते."

आता बायको धार काढताना लुगडं नाही, गाऊन घालते. वर डोक्याला ओढणी. मी घरात गेलो, तिचा फुलाफुलांचा गाऊन चढवला, ओढणी गुंडाळली. आरशात पाहिलं नाही. माणसानं काही गोष्टी न पाहता कराव्यात. मान खाली घालून, बायको टाकते तशी लहान लहान पावलं टाकत गोठ्यात आलो. म्हैस कान हलवून पाहू लागली. मी बसलो. ती सरकली नाही. मी कासेला पाणी लावलं. ती उभी. जिंकलो, असं म्हणून मी सडाला हात घातला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मावशी! हे आई नाई हाये! बाबा हाये! त्याले मिशा हायेत, पाह्य!"

माझी पोरगी म्हशीला मावशी म्हणते. मावशीनं पाहिलं. मिशा पाहिल्या. आणि मग तिनं जी लाथ घातली, ती बादली कुडावरून काकूच्या अंगणात जाऊन पडली. काकू म्हणते दारापाशी पडली. मी म्हणतो, बादली वाशीमच्या पलीकडंच सापडली असती, काकूची चिंच मधे आली म्हणून वाचली.

मला राग आला. आयुष्यात पहिल्यांदा मी पोरीवर डोळे वटारले.

"गप बस! तुह्या बोलण्यापायी म्हैस बुजते. धार काढताना एक शब्द बोलजो नको."

ती माझ्याकडं पाहत राहिली. काहून असंही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला काकूकडं धाडून दिली. आता गोठ्यात चिडीचूप. मी पुन्हा गाऊन घातला, मिशा ओढणीत झाकल्या, पुढ्यात सरकीची ढेप ठेवली. म्हशीनं ढेप खाल्ली, पाणी प्यायलं, भुसा-कुटाराचं टोपलं रिकामं केलं आणि पाव्हण्यासारखी उभी राहिली. दूध नाही. मग काकू येऊन बसली. काकूनं आयुष्यात शंभर म्हशी पिळल्या असतील, पण हिनं तिलाही पाय दाखवला. "ह्या म्हशीच्या डोक्यात काहीतरी हाये बापा," काकू गुडघा चोळत म्हणाली.

दुपारपर्यंत कास तटतटून आली. हात लावला की म्हैस कातडी थरथरवायची. मी गरम पाण्यानं शेकून पाहिलं. आता मला थट्टा सुचत नव्हती. दोन वेळची धार राहिली होती. तिसरीही राहिली तर बायकोला फोन करावाच लागला असता, आणि ती आली असती. तिनं मागं वळून पाहिलं नसतं, यादीतलं नाव गेलं म्हणून रडलीही नसती. आली असती, म्हशीजवळ बसली असती, आणि पुन्हा त्या गोष्टीचं नाव काढलं नसतं. तेच मला नको होतं.

जेवायला पोरगी घरी आली. माझ्यासमोर बसली आणि डाव्या हातानं तोंड झाकून घेतलं. घास घ्यायचा तेवढा हात काढायची, घास गेला की परत झाकायची.

"काय झालं वं?"

तिनं मान हलवली.

घर इतकं शांत झालं की मला माझंच चावणं ऐकू येऊ लागलं. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"म्हैस कशी हाये?"

"झकास. बादली अपुरी पडून राह्यली."

"पोट्टी कुठी हाये? आवाज नाई येत."

"झोपली."

"दुपारची? ते तर बारशातबी झोपली नव्हती." मग आवाज खाली आणून, "खरं सांगा. मी येऊ का?"

"कायले येतं? शिक तू बिनघोर. इकडं सारं बरोबर हाये."

पोरगी समोर तोंडावर हात ठेवून माझ्याकडं टुकूटुकू पाहत होती. जिच्या तोंडून आजवर या घरातलं एक झाकण झाकलेलं राहिलं नव्हतं, ती माझं खोटं ऐकून गप बसली होती. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जेवण तसंच ठेवून मी हात धुतले.

संध्याकाळी काकू तिला परत घेऊन आली. "घे बापा तुही पोट्टी. माह्याघरी सकाळपासून बोलून राह्यली. आमच्या कोंबडीनं अंडं द्याचं सोडून बसून ऐकलं. तुह्या दारात पाय ठेवला की कुलूप. काय केलं तू हिले?"

मी बादली घेऊन गोठ्यात गेलो. गाऊनही घातला नाही; आता कुणाला फसवायचं होतं? मागोमाग पोरगी आली. गोठ्याच्या कोपऱ्यात एक घमेलं पालथं असतं, त्यावर जाऊन बसली. हात तोंडावर.

आणि म्हशीनं मान वळवली.

माझ्याकडं नाही. त्या घमेल्याकडं. दोन्ही कान तिकडं केले आणि वाट पाहत उभी राहिली. पोरगी बोलेना. म्हशीनं एकदा हळूच हुंकार दिला. पोरगी तरीही बोलेना. म्हशीनं मान पुढं केली, परत मागं वळवली. पाव्हणे आले आणि वरमायच बोलत नाही म्हटल्यावर मांडवात जशी चुळबूळ होते, तशी ती उभी होती.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, तोही असा की गोठ्यात दिवा लावायची गरज नव्हती. बायको रोज सकाळ-संध्याकाळ धार काढायची तेव्हा ही घमेल्यावर बसून बोलत असायची. रेडकू गेलं तेव्हापासून एकही वेळ चुकली नव्हती. म्हशीला गाऊनशी घेणं नव्हतं, ओढणीशी नव्हतं. तिच्या कानात या आवाजाशिवाय धारेची वेळच होत नव्हती. आणि तो आवाज मी काकूकडं हाकलून दिला होता.

"बोल ना वं माय," मी म्हटलं.

तिनं मान हलवली.

"एक शब्द बोल. मावशी वाट पाहून राह्यली."

बोटांच्या फटीतून आवाज आला, "तू म्हंतलं गप."

"चुकलं माह्यं."

"तू म्हंतलं मैस बुजते."

"म्हैस माह्यापायी बुजली. मिशापायी."

तिनं विचार केला. माझ्या पोरीला विचार करताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. एरवी तिला तेवढी फुरसत नसते.

"कान धर," ती म्हणाली.

मी बादली खाली ठेवली आणि कान धरले. म्हैस पाहत होती, कुडावरून काकू पाहत होती. कुणाला सांगायचं असेल तर सांगा, अख्ख्या रिसोड तालुक्यात म्हशीसमोर कान धरलेला मी एकटा.

हात तोंडावरून खाली आला.

"मावशी," तिनं सुरुवात केली, "बाबानं मले डोळे केले. असे. मले राग आला. काकूची कोंबडी काळी हाये. तिनं माह्या बोटाले चोचलं. रगत नाई आलं. आई वाशीमले गेली, शिकाले. तुह्यासाठी. तू लाथ काहून मारली? लागते ना बाबाले. आता नको मारजो, हाव?"

म्हशीनं डोळे अर्धे मिटले. जबडा हळूहळू फिरू लागला, रवंथ सुरू झालं. मी बसलो, सडाला हात लावला, आणि कास माझ्या हाताखाली सैल झाली. पहिली धार बादलीच्या तळाला वाजली तेव्हा काकू कुडावरून ओरडली, "आली वं माय!"

मी हात थांबवला नाही. पण पोरीनं कालपासूनचं तुंबलेलं काढलं ते म्हशीपेक्षा जास्त होतं. मधेच तिला जांभई आली, ती क्षणभर थांबली, आणि शपथेवर सांगतो, धारही थांबली. मी घाईघाईनं विचारलं, "अन् मंग कोंबडीनं काय केलं?" ती बोलू लागली, धार सुरू. त्या संध्याकाळी मी जन्मात विचारले नसतील तेवढे प्रश्न विचारले. कोंबडी काळी काहून? अंडं पांढरं काहून? मला उत्तरं मिळत गेली आणि बादली भरत गेली. बादली भरली, मग कळशी भरली. काकूनं घरून पातेलं आणलं, तेही भरलं. काकू म्हणते पातेलं निम्मंच होतं, पण काकूची नजर आताशा कमी झाली आहे.

धार संपली तेव्हा कास हाताला मऊ लागत होती. मी म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून थोडा वेळ तसाच बसलो. पोरीनं विचारलं, "बाबा, तू रेडकू हायेस का?"

दिवे लागायच्या वेळेला बायकोचा फोन आला. मी फोन पोरीच्या हातात दिला. स्वतःहून दिला. तिनं सगळं सांगितलं. गाऊन सांगितला, मिशा सांगितल्या, लाथ सांगितली, बाबानं डोळे केले ते सांगितलं, दुपारी बाबा खोटं बोलला ते सांगितलं आणि बाबानं कान धरले तेही. एकही गोष्ट वाढवली नाही. हे गुण आईकडचे.

मग फोन माझ्याकडं आला. बायकोनं आधी म्हशीचंच विचारलं.

"कास नरम पडली का?"

"हाव."

"चारी सड रिकामे केले?"

"चारी. शेवटच्या थेंबापर्यंत."

"गाठबिठ लागली का हाताले?"

"नाई."

ती म्हणाली, "मंग मी उद्या थांबतो. परीक्षा घेणार हायेत म्हणे." आणि फोन ठेवता ठेवता, "पोट्टीले पोटभर बोलू द्या."

तिसरा दिवस सकाळ-संध्याकाळ बिनबोभाट गेला. बिनबोभाट म्हणजे बोभाटा भरपूर, पण म्हैस खूष. रात्रीच्या मुक्कामाच्या गाडीनं बायको उतरली ती खांद्याला औषधाची पिशवी लावून. परीक्षेत तिला विचारलं होतं, रेडकू मेलेल्या म्हशीनं पान्हा चोरला तर काय कराल? वर्गातल्या बायकांनी पुस्तकातलं सांगितलं. हिनं आदल्या दिवशीचं सांगितलं, पोरीसकट. शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी वहीत लिहून घेतलं म्हणे. किती पानं लिहिली हे बायको सांगत नाही, पण मी ओळखतो. वही संपली असणार.

चार दिवसांनी गावातल्या टोकाच्या घरून निरोप आला. त्यांची पहिलारू गाय व्याली होती आणि कुणाला कासेपाशी येऊ देत नव्हती. निरोप आणणाऱ्या म्हाताऱ्यानं दारात उभं राहून विचारलं, "पशुसखीबाई हायेत का घरी?" आमच्या दारात कुणी तिला असं हाक मारल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. बायकोनं पदर खोचला, पिशवी उचलली. म्हातारा तिथंच घुटमळला.

"अजून काय?" मी विचारलं.

"ते... लहानी पोट्टीबी येईन का?"

आम्ही तिघंही निघालो. बायको पुढं, मी बादली घेऊन मागं, आणि पोरगी माझ्या मानेवर. गाय लांबूनच शिंगं रोखून फुरफुरत होती, घरची माणसं भिंतीला लागून उभी होती. आम्ही अजून फाटकातही शिरलो नव्हतो तोच माझ्या डोक्यावरून आवाज गेला, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा,

"ये गायी! भ्याचं काम नाई! माही आई पशुसखी हाये!"